द्राक्ष-उसावरच्या समुद्री शेवाळासाठी कोकणात परदेशी वाण लावावे का?

कृष्णाकाठ (सांगली):
खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीवर आणि फुटव्यांच्या वेळी आडसाली उसावर समुद्री शेवाळाचा अर्क फवारणे आपल्या भागात आता नित्याचे झाले आहे. हे शेवाळ कोणते आणि कोणत्या समुद्रात वाढले, हे मात्र दुकानात कोणी विचारत नाही. देशात तयार होणाऱ्या अर्कात कप्पाफायकस या लाल शेवाळाचा वाटा मोठा आहे आणि ते मूळचे आग्नेय आशियातले आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते भारतात अभ्यासले, आणि २००० नंतर तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. पुढे मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर वाढत असल्याची नोंद शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने शेवाळशेतीला बळ दिल्यापासून कोकण किनाऱ्याचेही नाव घेतले जाते. माझे मत स्पष्ट आहे: हे वाण कोकणात लावू नये, आणि ज्यांच्या बागांसाठी ते पिकणार आहे त्या आपण सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्यांनीच हे आधी म्हणावे.

बेदाणा (तासगाव):
दादा, तुमची कळकळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. तीन मीटर लांब-रुंद बांबूच्या तराफ्यावर बेणे बांधायचे आणि साधारण ४५ दिवसांनी काढायचे, इतक्या लवकर हातात पैसा देणारे पीक किनाऱ्यावरच्या भूमिहीन बायकांना दुसरे कोणते आहे? रामनाथपुरममध्ये बचत गटांची घरे त्यावर चालली. शिवाय २०१३ नंतर तिथे हेच शेवाळ तराफ्यांवर मोठ्या प्रमाणात मेले आणि उत्पादन कोसळले. जे जपूनही जगत नाही, ते समुद्राचा तळ व्यापून टाकील ही भीती मला अवाजवी वाटते. तळाचे खरे नुकसान करतात ट्रॉलरची जाळी आणि तापलेले पाणी. २०१६ मध्ये मन्नारचे प्रवाळ पांढरे पडले ते उष्णतेने, शेवाळाने नव्हे. आणि परकेपणाच गुन्हा असेल, तर आपली थॉमसन सीडलेस, सोयाबीन आणि मका कुठून आले?

प्रीतिसंगम (कराड):
मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून यंत्रणेबद्दल थोडे सविस्तर लिहिते. थॉमसनचा वेल बांध ओलांडून शेजारच्या रानात पसरत नाही. प्रश्न परकेपणाचा नसून सुटून जाण्याचा आहे. कप्पाफायकस मुख्यतः तुटलेल्या तुकड्यांतून वाढते. लाटांनी तराफ्यावरून फांदी तुटली, प्रवाहाबरोबर वाहत जाऊन प्रवाळाच्या फांद्यांमध्ये अडकली, की तिथेच चिकटून ती जाड, रबरासारखा थर धरते. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालांना ऊन लागते. वर थर बसला की ते मिळत नाही, खालचा भाग पांढरा पडतो आणि मरतो. मेलेल्या फांद्यांच्या खोबणीत राहणारे छोटे मासे, खेकडे आणि गोगलगायी मग आसरा शोधत निघून जातात. हाताने थर ओरबाडला तरी खोबणीत उरलेल्या कणांतून तो पुन्हा वाढतो. तराफ्यावरचे पीक उन्हाळ्यात मेले म्हणून खडकावर, थोड्या खोल आणि गार पाण्यात अडकलेले तुकडेही मेलेच असतील, असे गृहीत धरता येत नाही.
हवाईच्या कानेओहे उपसागरात १९७० च्या दशकात हेच शेवाळ लागवडीसाठी आणले गेले. पुढे ते प्रवाळांवर पसरले तेव्हा तराफ्यावर शोषण पंप लावून पाणबुड्यांकरवी ते उपसावे लागले, आणि पुन्हा वाढू नये म्हणून तिथले स्थानिक समुद्री साळू (शेवाळ खाणारे काटेरी, गोल सागरी प्राणी) हॅचरीत वाढवून सोडावे लागले. लागवडीचा फायदा एका पिढीने घेतला, उपसण्याचा खर्च दुसऱ्या पिढीने केला.

अजिंक्यतारा (सातारा):
ताईंनी मांडलेली यंत्रणा मान्य, पण त्यावरून सरसकट बंदीची मागणी करणे मला घाईचे वाटते. युरोपातल्या उत्तर समुद्राच्या वाडन भागात पॅसिफिक कालवे (ऑयस्टर) असेच लागवडीतून आले. स्थानिक शिंपल्यांचे तळ त्यांनी व्यापले तेव्हा शिंपले संपणार असे मानले गेले होते. आज ते शिंपले त्याच कालवांच्या फटींत खेकड्यांपासून सुरक्षित वाढतात, मात्र शिंपले फोडून खाणाऱ्या पक्ष्यांचे काम अवघड झाले. परिणाम मिश्र असतो. त्याहून मोठा धोका बंदरांतून येतो. कॅरिबियनकडचे काळ्या पट्ट्यांचे शिंपले १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळले, पुढे मुंबईतही. ते कोणी लावले नव्हते, जहाजांबरोबर आले. जहाजांच्या भारजलावरचा (तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यावरचा) आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, पण तो अमलात यायला २०१७ उजाडले. शेवाळ लावणाऱ्या बाईला आधी अडवायचे आणि जहाजाला मागाहून, हा न्याय मला पटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
जहाजांविषयी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. पण तेच शिंपले १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला आढळले तेव्हा काय झाले, हेही पाहावे. तिथे ते क्लोरीन आणि मोरचूद टाकून संपवता आले, कारण ज्या गोद्यांत ते होते त्यांना दरवाजे होते. मालवणच्या समुद्राला दरवाजा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातले सागरी अभयारण्य १९८७ चे आहे, तिथे प्रवाळ आहेत, आणि तराफ्यावरून सुटलेला तुकडा अभयारण्याची हद्द पाहून थांबणार नाही. वाडनचा परिणाम मिश्र निघाला हे तिथल्या लोकांना नंतर कळले. तो वाईट निघाला असता तरी कालवे परत काढता आले नसते. मी बायकांचे उत्पन्न बंद करा म्हणत नाही. ग्रॅसिलेरिया आणि सरगॅसम ही आपल्याच किनाऱ्यावरची शेवाळे आहेत. ती सावकाश वाढतात, म्हणून अर्क महाग पडेल. तो जादा पैसा आपण द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

बेदाणा (तासगाव):
जादा पैसा द्यायला माझी ना नाही, पण आंधळेपणाने देणार नाही. २०२१ पासून असे अर्क खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत, तेव्हा शेवाळाची जात आणि लागवडीचे ठिकाण बाटलीवर छापण्याची सक्ती करा, ही मागणी मी तुमच्याबरोबर करायला तयार आहे. मात्र देशी शेवाळाच्या अर्काने घडांची फुगवण तेवढीच होते का, हे एखाद्या कृषी विद्यापीठाने आमच्याच बागेत दोन हंगाम घेऊन दाखवावे. तोपर्यंत कोकणातल्या बायकांना थांबा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रीतिसंगम (कराड):
प्रयोगाला माझा पाठिंबा आहे. मात्र ते दोन हंगाम होईपर्यंत मालवणच्या आसपास कप्पाफायकसचा एकही तराफा सोडू नये, आणि जिथे सोडायचा तिथल्या तळाची पाहणी आधी व्हावी, ही अट मी सोडणार नाही.