कायदा मोडला म्हणून साबणही नाही?

वैनगंगा (धागाकर्ती)
५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले. त्यांत तिघे महाराष्ट्रातले. आपल्याकडे चर्चा झाली ती बेड्यांची. सीमा ओलांडताना पकडलेल्यांना आधी जिथे कोंडतात, त्या कोठड्यांबद्दल मात्र कुणी बोललं नाही.

मे २०१९ मध्ये अमेरिकी गृहसुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी टेक्सासच्या सीमेवरच्या एल पासो केंद्राचा अहवाल दिला. क्षमता १२५, आत सुमारे ९००. बाराजणांच्या कोठडीत ७६ माणसं. श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून काहीजण संडासाच्या भांड्यावर चढून उभे होते. जूनमध्ये वकील टेक्सासमधल्याच क्लिंटच्या सीमा-ठाण्यात गेले, तर दहा ते पंधरा वर्षांच्या मुली दोन वर्षांच्या एका अनोळखी बाळाला सांभाळत होत्या. त्याने कपडे ओले केले होते आणि डायपर नव्हता.

परत पाठवायचं तर पाठवा. पण कुलूप तुम्ही घातलंत की आतल्या माणसाचं पाणी, झोप, साबण ही तुमचीच जबाबदारी.

हिशेबनीस
अहवाल खरा आहे, दोष चुकीच्या माथी आहे. त्या एका मे महिन्यात बॉर्डर पेट्रोलने, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाने, दक्षिण सीमेवर १ लाख ३२ हजारांहून जास्त लोक पकडले. ही ठाणी बांधली होती एकट्यादुकट्या पुरुषांना काही तास बसवून मेक्सिकोत परत धाडायला. आली ग्वाटेमाला-होंडुरासची कुटुंबं, कडेवर पोरं घेऊन. नियमाने ७२ तासांत पुढच्या खात्याकडे सोपवायचं, पण तिथे खाटाच नाहीत. ठाण्यातल्या शिपायाने काय करायचं? संसदेने पैसे मंजूर करेपर्यंत जून संपत आला. आणि हे एकाच पक्षाचं पाप नाही. मार्च २०२१ मध्ये, बायडेन यांच्या काळात, टेक्सासमधल्या डोनाच्या तंबूत कोविडमुळे २५० ची मर्यादा असताना चार हजारांवर लोक होते.

काळा कोट
खाटा का नव्हत्या तेही सांगा की. २०१८ मध्ये सरकारने ठरवलं, एकट्याने सीमा ओलांडलेल्या मुलाला न्यायला येणाऱ्या नातेवाइकांच्या बोटांचे ठसे इमिग्रेशन खात्याला द्यायचे. मामा-मावश्या भीतीने पुढे येईनात, मुलं निवाऱ्यांत अडकली, मागची रांग ठाण्यांत तुंबली.

शिवाय जून २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी अपील न्यायालयात काय मांडलं? १९९७ च्या फ्लोरेस करारात, म्हणजे कोठडीतल्या स्थलांतरित मुलांबद्दलच्या करारात, मुलांना ‘सुरक्षित आणि स्वच्छ’ ठेवायचं लिहिलंय, पण साबण आणि टूथब्रश द्यावेच लागतील असं त्यातून निघत नाही! हे गर्दीमुळे नाही झालं, विचार करून मांडलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते फेटाळलं.

ह्यूस्टनकर
इथे राहतो म्हणून लिहितो. आमच्यासारखे रीतसर आलेले ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षं ताटकळतात. आईवडील आजारी पडले तरी व्हिसाचा शिक्का वेळेत मिळेल का, या धास्तीने लोक गावी जायचं टाळतात. रांग मोडणाऱ्यांची एवढी काळजी वाहिलेली पाहून त्रास होतो, तो लपवत नाही.

आणि सोयी वाढल्या की दलालांचं फावतं. जून २०१९ मध्येच सहा वर्षांची एक भारतीय मुलगी ॲरिझोनाच्या वाळवंटात उन्हाने गेली. तस्करांनी त्यांना सीमेजवळ सोडून दिलं होतं. सक्ती नसेल तर अशी आणखी लेकरं मरतील.

वैनगंगा
@ह्यूस्टनकर, तुमचा त्रास समजते. पण घाणीने धाक बसत असता तर दलालांचा धंदा तेव्हाच बसला असता. दलाल डॉलर दाखवतो, कोठडी थोडीच दाखवतो? टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या ठाण्यांत माणसं महिनाभर आंघोळीविना होती, रोज तेच बोलोन्या (मांसाच्या चकत्यांचं) सँडविच खाऊन कित्येकांची पोटं बिघडली. हे सगळं जुलैत अहवालात छापून आलं. निघालेल्यांपैकी किती जणांनी ते वाचलं असेल?

आणि सगळ्यांना रांग मोडणारे म्हणू नका. कुठूनही आत आलेल्याला आश्रय मागायची वाट अमेरिकेच्याच कायद्यात आहे.

हिशेबनीस
साबणाचं मान्य, त्यावर वाद नाही. पण ७२ तास उलटले आणि पुढे खाट नाही, तर सोडून द्यायचं का? ते उघड बोला.

काळा कोट
कुटुंबांना, हो. सुनावणीची तारीख हातात देऊन. मार्च २०१९ मध्ये बॉर्डर पेट्रोलने स्वतः रिओ ग्रांदे खोऱ्यात तेच सुरू केलं होतं, कारण दुसरा इलाज उरला नव्हता. एकट्या प्रौढांचं काय करायचं, यावर भांडू.