इफोंगा मिस्सात आणावा का?

वसईची_लेक: मूळ वसईची, आता ऑकलंडात. आमच्या पॅरिशमध्ये सामोअन (पॅसिफिकातल्या सामोआ बेटांवरची) कुटुंबं खूप आणि त्यांच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, मी मुद्दाम जाते, शुभवर्तमानाचं पुस्तक वेदीकडे नेताना पुढे मुली सिवा नाचत येतात, गळ्यात फुलांच्या उला, हात इतके हळू फिरतात की अख्खं चर्च श्वास धरून बसतं. आता काहीजण म्हणतायत की उपवासकाळात पश्चात्तापविधीत इफोंगा आणूया. इफोंगा म्हणजे सामोअन लोकांची माफी मागायची रीत, ज्याच्याकडून गुन्हा झाला त्याच्या घरचे पहाटे दुखावलेल्यांच्या दारात जाऊन डोक्यावर तलम चटई घेऊन गप्प बसतात, समोरच्यांनी चटई उचलली की माफी. 2021 मध्ये इथल्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी सत्तरच्या दशकात व्हिसा संपलेल्यांना पकडायला पोलिसांनी घातलेल्या पहाटेच्या धाडींबद्दल पॅसिफिक लोकांची माफी मागितली तेव्हा त्याही अशाच चटईखाली बसल्या होत्या. मला वाटतं आणावाच. आपण छातीवर हात मारून दोन मिनिटांत मोकळे होतो.

जुनी_वही: साफ विरोध. चटई उचलायची की नाही हे दुखावलेलं घर ठरवतं, नाही उचलली तर बसून राहावं लागतं. वेदीपुढे ती कोण उचलणार, फादर? म्हणजे उचलणार हे आधीच ठरलेलं, मग ते नाटकच झालं ना. शिवाय त्या तलम चटया, इए टोंगा, विणायला महिनोन् महिने लागतात, लग्न-मयताला चटया आणि पैसे देता देता घरं कर्जात जातात, ती चढाओढ चर्चमध्ये कशाला?

आगाशीकर: अहो पण सामोआचे पिओ ताओफिनुऊ 1968 ला बिशप झाले, 1973 ला कार्डिनल, पॉलिनेशियातले पहिले, आणि सामोअन रिवाज उपासनेत यावेत असं तेच सांगायचे. आपल्याकडे 1969 ला व्हॅटिकनने आरती, चपला काढणं, अंजली अशा 12 गोष्टी मान्य केल्या तेव्हा आमचे आजोबा चिडले होते, आज आरती नसली तर आईलाच चुकल्यासारखं वाटतं.

जुनी_वही: आरतीत मानपान नाही. सामोअन रिवाजांत आवा हे पेयही येतं, ते वाढतात मानाप्रमाणे, आधी मोठा मताई (घराण्याचा प्रमुख) मग बाकीचे. कम्युनियनच्या रांगेत सगळे सारखे, हे मी सोडणार नाही.

वसईची_लेक: मानपानाचं पटलं, आवा मिस्साबाहेरच बरं. आणि नाटकाचंही पटतंय, रात्रभर तेच डोक्यात होतं. पण मत्तयच्या 5व्या अध्यायात आहे ना, दान वेदीपुढे ठेव आणि आधी भावाशी समेट कर, मग इफोंगा वेदीपुढे नकोच, चर्चला यायच्या आधी त्या माणसाच्या खऱ्या दारात व्हावा, चटई उचलेल की नाही ही भीती घेऊन. माझी एक मावसबहीण आहे, चार वर्षं बोलणं नाही, चूक माझी. तिच्या दारात जाऊन बसायची हिंमत होत नाही म्हणून तर हे सगळं विचारतेय.