मदत हवी आहे: दहशतवादावरच्या परिसंवादावरून गावात दोन तट पडलेत

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. आमच्याकडं गणपतीत एक दिवस व्याख्यान नाहीतर परिसंवाद असतो आणि ते ठरवायचं काम वाचनालयाकडं, म्हणजे माझ्याकडं असतं. यंदा विषय पोरांनीच सुचवला, दहशतवादी हल्ला झाला की सरकारनं काय करायला पाहिजे. सगळे हो म्हणाले, पण वक्ता कुणाला बोलवायचं यावर आलो आणि मीटिंग तिथंच मोडली. आता दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलेनात.

बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळं आमच्या गल्लीगल्लीत फौजी. माजी सैनिकांचं आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं म्हणणं असं की रिटायर्ड फौजी अधिकारीच बोलवा, वकील-बिकील नको. त्यांचा मुद्दा मला पटतो. डिसेंबर १९९९ ला कंदहारला पळवून नेलेल्या विमानातल्या प्रवाशांसाठी तीन अतिरेकी सोडले, त्यातल्या मसूद अझहरनं जैश-ए-मोहम्मद ही अतिरेकी संघटना काढली आणि त्याच जैशनं पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला ४० जवान मारले. मग सरकार मऊ वागलं की पुढं जवानच मरतो असं ते म्हणायलेत तर त्यात चूक काय.

दुसऱ्या बाजूला आमच्या गावचा एक तरुण वकील आणि हायस्कूलचे सर. ते म्हणतात उरीनंतर सर्जिकल स्ट्राईक झाला, पुलवामानंतर बालाकोट झालं, तरी २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारलीच की, मग तिथं बंदोबस्त का नव्हता हे विचारायचं नाही का? आणि तपासाचं काय? मुंबई लोकलमध्ये २००६ ला बॉम्ब फुटले, १८० हून जास्त माणसं गेली, आणि जुलै २०२५ मध्ये हायकोर्टानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तो निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरू नका असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. त्याच महिन्यात मालेगाव २००८ च्या केसमधले सातही सुटले. मग मारलं कुणी? मेलेल्यांच्या घरच्यांना काय सांगायचं? हा प्रश्न विचारला तर मीटिंगमध्ये एक जण सरांना सरळ देशद्रोही म्हणाला. सरांचा सख्खा भाऊ फौजेत आहे हो.

तेवढ्यात मागं बसलेल्या एक काकू उठल्या, त्यांचा मुलगा पूंछकडं पोस्टिंगला आहे. त्या म्हणाल्या, युद्ध व्हावं की नको ते मला कळत नाही, पण मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तानशी लढाई चालू असताना त्याचा फोन लागत नव्हता तेव्हा टीव्हीसमोर शिट्ट्या मारणारं कोण माझ्या घरात डोकावलं नाही. आणि पदर खोचून निघून गेल्या. त्यानंतर कुणालाच काही बोलवेना.

मला स्वतःला राहून राहून तुकाराम ओंबळे आठवतात. लष्करातून रिटायर होऊन मुंबई पोलिसात आलेला माणूस, २६/११ च्या मुंबई हल्ल्यात हातात नुसती लाठी, अतिरेकी कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळं कसाब जिवंत सापडला, त्याच्यावर खटला चालला, पाकिस्तानातून कट कसा शिजला ते कोर्टात पुराव्यानिशी आलं आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. फौजीचं धाडस आणि कोर्टाचं काम यात भांडण कुठं आहे?

तर मदत अशी हवी: दोन्ही बाजू एका स्टेजवर बसतील असा विषय कसा मांडू? यूएपीए, म्हणजे दहशतवादाच्या केसेसना लावतात तो कायदा, त्यात जामीन का मिळत नाही ते सोप्या मराठीत कुणी सांगेल का? आणि तिसरं, ज्याची मला खरी काळजी आहे. पहलगामनंतर एका पोरानं गावातल्या मुसलमान टेलरवर घाणेरडं स्टेटस ठेवलं होतं. ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी आपल्याच जिल्ह्याच्या सून, तरी हे. कार्यक्रमात कुणी तसलं बोललं तर माईक कसा काढून घ्यायचा?

निपाणीकर:
ताई, विषयात कठोर आणि मवाळ हे शब्द घालूच नका, तिथंच भांडण लागतं. "पुढचा हल्ला होऊ नये म्हणून सरकारनं काय करावं" असं ठेवा. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, माईक प्रेक्षकात फिरवू नका, आमच्या मंडळात असंच करतात. गावातल्या माणसांबद्दल बोलायचं नाही हे सुरुवातीलाच सांगा, तेही एखाद्या सुभेदाराच्या तोंडून.

कोर्टकचेरी:
यूएपीएचं कलम ४३डी(५). आरोप वरवर बघता खरा वाटला तर कोर्ट जामीन देऊ शकत नाही. चार्जशीटला कोर्टाच्या परवानगीनं १८० दिवसांपर्यंत मुदत, एरवी ६० नाहीतर ९० असते. हा कायदा २६/११ नंतर डिसेंबर २००८ ला काँग्रेसच्या काळात कडक झाला आणि २०१९ ला भाजपनं एकट्या माणसालाही अतिरेकी जाहीर करायची सोय केली. दोन्ही पक्षांनी केलंय, हे दोन्ही तटांना सांगा.

माजी हवालदार:
वकिलाला बोलवा, माझी हरकत नाही. पण आमचंही ऐका. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रमला आम्ही राजस्थान बॉर्डरवर होतो, डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२. सुरुंग पेरताना आमची पोरं गेली आणि युद्ध न होता परत आलो. जवान लढायला तयार असतो, सरकारनं नेमकं काय साधायचंय ते आधी ठरवावं. माझ्या मते परिसंवादात हा प्रश्न पहिला पाहिजे.

धागाकर्ती:
तिघांचे आभार. काका, तुमचा प्रश्न पहिल्या चिठ्ठीवर लिहून ठेवतेय, आणि निपाणीकरांचा विषय तसाच्या तसा उद्या मंडळापुढं ठेवते. ते वकील येतोच म्हणालेत. आता बेळगाव भागात मराठीतून बोलणारे, आवाज न चढवता दुसऱ्याचं ऐकून घेणारे रिटायर्ड फौजी अधिकारी कुणाच्या ओळखीत असतील तर मला मेसेज करा. येण्याजाण्याचा खर्च वाचनालय देईल, जेवण आमच्या घरी.