कबाल की स्टॅक: जुन्या तक्रारीची आजची स्थिती

कबाल आणि स्टॅक ही हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतले प्रकल्प बांधण्याची आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) बसवण्याची दोन साधने. कबाल वापरल्यास लायब्ररींच्या आवृत्त्यांचा गुंता होतोच, म्हणून हॅस्केल शिकणाऱ्याने थेट स्टॅक घ्यावे, अशी एक जुनी तक्रार आहे. स्टॅक आले तेव्हा, म्हणजे 2015 मध्ये, हे रास्तच होते. कारण त्या काळी कबाल सर्व लायब्ररी एकाच सामायिक जागी बसवत असे आणि एका प्रकल्पासाठी काही नवे बसवले की दुसरा मोडण्याची शक्यता असे. मात्र 2019 च्या 3.0 आवृत्तीपासून कबालची मूळ पद्धतच बदलली असून, प्रत्येक लायब्ररी तिच्या अवलंबनांसह (तिला लागणाऱ्या इतर लायब्ररींसह) काढलेल्या हॅशनुसार, म्हणजे एका विशिष्ट ओळखखुणेनुसार, वेगळी साठवली जाते, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या विनातक्रार शेजारी नांदतात.

खरा फरक आता आवृत्त्या कोण निवडतो यात आहे. स्टॅक हे स्टॅकेजचा, एकत्र बांधून तपासलेल्या लायब्ररींचा, संच घेते आणि त्यासोबत कंपायलरची (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाची) आवृत्तीही ठरते. कबाल मात्र हॅकेज या हॅस्केल लायब्ररींच्या सार्वजनिक भांडारातील उपलब्ध आवृत्त्यांमधून, लेखकांनी घातलेल्या मर्यादा पाळत, स्वतः जुळणी शोधते. या मर्यादा ढिसाळ असतील तर कबालची जुळणी फसते, हा दोष मान्य करावा लागेल. (स्टॅकही आतून कबालचीच लायब्ररी वापरते, हे चर्चेत सहसा विसरले जाते.)

माझा कल कबालकडे आहे. दोन्ही साधने जीएचसीअप या हॅस्केलची साधने बसवणाऱ्या प्रोग्रॅमद्वारे बसवता येतात. आणि सर्व सहकाऱ्यांकडे नेमक्या त्याच आवृत्त्या हव्या असतील, तर कबालच्या फ्रीझ (निवडलेल्या आवृत्त्या गोठवणाऱ्या) आदेशाने तयार होणारी फाइल प्रकल्पासोबत ठेवावी.