रोजच्या सुईवरून दोन महिन्यांच्या सुईवर कुणी गेलंय का? (मकल-वेल्स)

सांगलीची_लेक, लेस्टर
मुलगा सात वर्षांचा, वजन 22 किलो. मकल-वेल्स सिंड्रोम, म्हणजे ताप, गांधी आणि पुढे बहिरेपण आणणारा दुर्मिळ आनुवंशिक आजार. एनएलआरपी3 जीनमधला दोष माझ्याकडूनच गेलाय. माझ्या वडिलांच्या अंगावर सदा गांधी उठायच्या, डोळे लाल, चाळिशीत ऐकू येईना. सगळे म्हणायचे, 'पित्त आहे, आमसुलाचं पाणी लावा.' नाव कळलं ते इथे, लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये.

दीड वर्ष अनाकिन्राची रोजची सुई चालू आहे. ताप, गांधी गायब. पण संध्याकाळचे सात वाजले की पोरगं सोफ्यामागे. सुईचं काही वाटत नाही त्याला, औषध आत जाताना चरचरतं. डॉक्टर आता कॅनाकिनुमॅब म्हणतायत, आठ आठवड्यांनी एक. भीती एवढीच, की रोजचं औषध उद्या बंद करता येतं. हे एकदा दिलं की दिलं! डिसेंबरात महिनाभर सांगलीलाही जायचंय.

डर्बीवाली
ताई, मी सहा वर्षं घेतेय. भीती खरी आहे. अनाकिन्रा काही तासांत उतरतं, हे अंगात निम्मं व्हायलाच साडेतीन आठवडे लागतात. पण मला चरचर अजिबात नाही. किलोला 2 मिग्रॅ धरलं तर त्याला 44 मिग्रॅ, म्हणजे जेमतेम 0.3 मिली. 2009 च्या चाचणीत 35 पैकी 34 जण पहिल्याच डोसात पूर्ण बरे वाटले होते. कान मात्र दरवर्षी तपासा, गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही.

आणि प्रवासाचं म्हणाल तर निघायच्या आधी डोस घेतला की बर्फाच्या पिशव्या, विमानतळावरची चिठ्ठी, लाइट गेले की फ्रिजची काळजी, सगळंच सुटलं.

निवृत्त_सिस्टर
सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होईल, ती टाळू नका. जिवंत लशी चालत नाहीत. टायफॉइडची कॅप्सूल त्यातलीच, इंजेक्शनवाली चालते. सांगलीत ताप आला तर 'आजाराचाच असेल' म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. या औषधावर जंतुसंसर्ग दबक्या पावलांनी येतो.

सांगलीची_लेक, लेस्टर
फ्रिजचं डोक्यातच आलं नव्हतं! मागच्या खेपेला शेजारच्या काकूंच्या फ्रिजात औषधाचा डबा ठेवायला पळत गेले होते. सोमवारी हो कळवते. चिरंजीवांना सांगितलं तर विचारतात, "म्हणजे आज नाही ना?"

आज आहे.