रॅम्पवर कोणाची गाडी ओरडते?

ग्रुप: सोसायटी ऑफिशियल (फक्त कामाचे मेसेज)

सोमवार, सकाळी ६:५२

गोखले काका ए-१०१: सर्वांना नमस्कार. रोज पहाटे बेसमेंटच्या रॅम्पच्या तोंडाशी थांबताना जी चंदेरी गाडी किंचाळते, ती कोणाची आहे हे मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. आमची बेडरूम बरोब्बर वर आहे. संबंधितांनी समजून घ्यावे ही नम्र विनंती.

अमेय ए-५०४: काका, चंदेरी गाड्या आपल्याकडे नऊ तरी असतील. हिंट द्या.

गोखले काका ए-१०१: हा थट्टेचा विषय नाही अमेय.

कुलकर्णी सी-२०३: रॅम्पचा विषय निघालाच आहे तर पुन्हा सांगतो. वळणावर गोल आरसा बसवा. समोरची गाडी दिसली तर करकचून ब्रेक दाबावाच लागणार नाही. एजीएममध्ये ठराव झालेला आहे.

पाटील (सेक्रेटरी): ठराव झालाय साहेब, कोटेशन यायचंय.

कुलकर्णी सी-२०३: दिवाळीपासून यायचंय.

मृणाल बी-६०२: गोखले काका, माझीच गाडी आहे. सरळ नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. आवाज मलाही ऐकू येतो. शुक्रवारी सर्व्हिस सेंटरला दाखवली. पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड, मागचे शू, ब्रेक ऑइल, वर ‘ब्रेक क्लीनिंग’ वेगळं. एकूण साडेचौदा हजार. आणि ‘मॅडम, अशी चालवू नका, रिस्क आहे’ हे दर दोन वाक्यांनी. खरंच गरज आहे की बाई एकटी आलीये म्हणून घाबरवतायत, तेवढंच मला कळत नाहीये. अहो बोटीवर आहेत डिसेंबरपर्यंत. शनिवारी आईला साताऱ्याहून आणायचंय.

शिंदे काका बी-३०४: मृणाल, आवाज कसा आहे? शिट्टीसारखा बारीक, की खरवडल्यासारखा कर्रकर्र?

मृणाल बी-६०२: बारीक. शिट्टीसारखा.

शिंदे काका बी-३०४: मग बहुधा पॅडचा पत्रा बोलतोय. बऱ्याच गाड्यांत पॅडला मुद्दाम एक पातळ पत्रा दिलेला असतो. मटेरियल संपत आलं की तो चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासतो आणि ओरडतो. अर्थ एवढाच, की पॅड बदला. कर्रकर्र सुरू झाली तर मात्र लोखंडावर लोखंड गेलं, मग डिस्क खायला लागते. तोवर थांबू नकोस.

गोखले काका ए-१०१: मी हेच म्हणत होतो.

देशमुख सी-५०२: नव्हतात म्हणत.

जाधव सी-४०१: ताई, साडेचौदा?? आमच्या चुलतभावाचं गॅरेज आहे धायरी फाट्याला. साडेतीन-चारमध्ये काम होईल. माझं नाव सांगा.

देशमुख सी-५०२: माझ्या क्लचचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. परत उगाळत नाही.

जाधव सी-४०१: उगाळताच आहात की साहेब. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची आणि क्लच गेला की गॅरेजवाल्याच्या नावाने बिल फाडायचं.

देशमुख सी-५०२: मी १९९४ पासून गाडी चालवतोय.

जाधव सी-४०१: तेव्हापासूनच पाय ठेवताय मग.

पाटील (सेक्रेटरी): दोघांनीही कृपया पर्सनलवर बोला. आज पाणी ११ ते ४ बंद राहील, टाकी साफ करतोय.

अमेय ए-५०४: हे दोन दिवस आधी सांगायचं असतं ना.

पाटील (सेक्रेटरी): नोटीस बोर्डावर लावली होती. बोर्ड कोणी वाचत नाही त्याला मी काय करू.

सुनीताताई बी-१०३: *महत्त्वाची माहिती* ब्रेक फेल झाल्यास ताबडतोब इंजिन बंद करून हँडब्रेक पूर्ण जोराने ओढावा. एक मेसेज एखाद्याचा जीव वाचवू शकतो. सर्व ग्रुपवर पाठवा.

शिंदे काका बी-३०४: सुनीताताई, हात जोडतो, हा पुढे पाठवू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांत संपते, पेडल दगड होतं, स्टिअरिंगही जड होतं. वेगात हँडब्रेक एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी गोल फिरते. पेडल भराभर पंप करायचं, एकेक गिअर खाली आणायचा, वेग उतरला की हँडब्रेक हळूहळू.

सुनीताताई बी-१०३: मी फक्त फॉरवर्ड केलं होतं. माझं मत नव्हतं.

दामले मॅडम ए-३०२: एक बोलू का? ब्रेकच्या बाबतीत काटकसर कशाला? अधिकृत सेंटरला पार्ट ओरिजिनल मिळतो, वॉरंटी राहते, गाडी विकताना सर्व्हिस रेकॉर्ड दाखवता येतं. चार हजार वाचवायला जायचं आणि चाळीस हजार घालवायचे.

शिंदे काका बी-३०४: रेकॉर्डचं पटतं. पण पॅड, शू ही झिजण्याचीच वस्तू, वॉरंटीत बसत नाही. आणि प्रश्न चार हजारांचा नाही, डिस्कचा आहे. डिस्क खरंच गेली असेल तर बदलायलाच हवी. मृणाल, त्यांनी डिस्क मोजून आकडा दिला का?

मृणाल बी-६०२: नाही. फोटो पाठवलाय एक, गोल गोल रेघा दिसतात. गेल्या सर्व्हिसला ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून टॉप-अपही केलं होतं.

शिंदे काका बी-३०४: बारीक रेघा असतातच. आणि ऑइल बहुतेक गळालं नसणार. पॅड झिजला की त्याला दाबणारा पिस्टन पुढे सरकतो आणि तेवढी पातळी खाली येते. तेव्हाच पॅड बघायला हवे होते, त्यांनी बाटली ओतून विषय मिटवला. आता नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल उतू जाईल. रंगावर पडलं तर रंग जातो. संध्याकाळी साडेसातला खाली थांब. चाक काढून बघू.

कुलकर्णी सी-२०३: वळणावर गोल आरसा. ठराव झालेला आहे.

सोमवार, रात्री ९:१०

मृणाल बी-६०२: काकांनी पुढचं डावं चाक उतरवलं. आतला पॅड २ मिमी, बाहेरचा ५. काका म्हणाले ३ मिमीच्या खाली गेला की बदलायचाच. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली होती, १५ मिमी. ती मला आजवर कोणी दाखवलीच नव्हती. मायक्रोमीटरने १६.१ भरली, काठ सोडून मध्ये मोजली.

शिंदे काका बी-३०४: आतला-बाहेरचा एवढा फरक म्हणजे कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, पिन अडकलीये. नुसते पॅड टाकले तर नवा आतला पॅडही असाच खाऊन टाकेल. पिन काढून साफ करून पिनसाठीचं वेगळं ग्रीस लावायचं, साधं चालत नाही, रबर फुगतं. डिस्क ठीक आहे. तीस वर्षं टेल्कोत काढलीयेत, मोजल्याशिवाय पार्ट भंगारात टाकायची सवय नाही.

देशमुख सी-५०२: मग नेणार कुठे? धायरी फाटा?

शिंदे काका बी-३०४: कुठेही न्या. मला माणूस चांगला की वाईट यात पडायचं नाही. तीन गोष्टी आधीच सांगायच्या. काम माझ्यासमोर, जुने पॅड माझ्या हातात, पार्टचं पक्कं बिल. याला जो आढेवेढे घेईल तिथून गाडी वळवायची. पॅड नाना पेठेतून मीच आणतो. खोका सील असलेला, छापील किंमत बघून. तिथेही डुप्लिकेट माल असतोच, ‘ओरिजिनलसारखाच’ म्हणाला की दुकान बदलायचं.

जाधव सी-४०१: भावाला सांगून ठेवतो. तो कधीच आढेवेढे घेत नाही.

देशमुख सी-५०२: मी मागितला होता जुना क्लच. पोरगा म्हणाला भंगारवाला आत्ताच घेऊन गेला.

जाधव सी-४०१: तुम्ही संध्याकाळी मागायला गेलात साहेब, गाडी सकाळी नेलीत.

अमेय ए-५०४: क्लचचा वेगळा ग्रुप काढा ना.

गोखले काका ए-१०१: अमेय, तुमच्या बुलेटच्या सायलेन्सरबद्दलही मला बोलायचे आहे. सवडीने.

गुरुवार, दुपारी २:३५

मृणाल बी-६०२: झालं काम. पॅड २१५०, पिन किट आणि ग्रीस २५०, ब्रेक ऑइल पूर्ण बदललं ४५०, मजुरी ९००. एकूण ३७५०. मागचे ड्रम उघडले, शू भरपूर शिल्लक, फक्त साफ केले. म्हणजे साडेचौदातले शू आणि डिस्क दोन्ही लागणार नव्हते. जुने पॅड पिशवीत आहेत, कोणाला बघायचे असतील तर. जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं. काका म्हणाले ते हवेतली ओल धरतं, दोन वर्षांनी बदलायचंच. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही, नवा पॅड डिस्कवर बसू द्यायचा. शिंदे काका, शनिवारी तुमच्याकडे कंदी पेढे.

दामले मॅडम ए-३०२: छान झालं. फक्त बिल जपून ठेव हो, विकताना लागेल.

जाधव सी-४०१: बघा. आता बोला.

देशमुख सी-५०२: भाऊ स्वतः होता की पोऱ्या?

मृणाल बी-६०२: पोराने केलं, भाऊ शेजारी होते. आणि काका स्टूल टाकून समोर बसले होते, अडीच तास.

देशमुख सी-५०२: मग बरोबर.

जाधव सी-४०१: म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?

देशमुख सी-५०२: काही नाही. बरोबर झालं एवढंच म्हणतोय.

शिंदे काका बी-३०४: पोरगा हुशार आहे. बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा टॉर्क रेंच नव्हता, मी माझा नेला होता. मृणाल, येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार खालच्या गिअरमध्ये उतर. सतत ब्रेकवर पाय नको, नव्या पॅडवर तर नकोच. आणि आरशात मागचे ट्रक बघत राहा, काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडतात.

कुलकर्णी सी-२०३: आरशाचा विषय निघालाच आहे तर

पाटील (सेक्रेटरी): कोटेशन आलंय. २८०० आणि बसवणावळ.

कुलकर्णी सी-२०३: एका आरशाला २८००? दुसरं मागवा.

सुनीताताई बी-१०३: शिंदे भाऊजी, आमच्या गाडीचा हँडब्रेक फार वर येतो. तेही बघता येईल का? कितीही द्यायला तयार आहोत.

शिंदे काका बी-३०४: मागचे शू घासले असतील नाहीतर केबल सैल असेल. पैसे नकोत. रविवारी सकाळी गाडी खाली आणा, आणि जॅक तुमचाच आणा. माझा देशमुखांकडे आहे.