ऐकलं म्हणून… : इंदूरकरांचे अनुभव

रामबागवाली

‘ऐकणं’ या शब्दाने आपल्या भाषेत मोठा घोटाळा करून ठेवलाय. ‘मुलगा ऐकत नाही’ असं म्हणतो तेव्हा त्याचे कान ठणठणीत असतात, तो फक्त सांगितलेलं करत नसतो. ३२ वर्षं मी शाळेत ‘ऐका रे’ म्हणून ओरडले. त्या काळात मी स्वतः किती ऐकलं याची परीक्षा घेतली, तर मला ग्रेस मार्क द्यावे लागतील.

चार वर्षांपूर्वी हे गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही बोलून गेला. कुणी गीतेतलं, कुणी ‘आता मुलांकडे बघ’. मागच्या गल्लीत एक पापडवाल्या बाई राहतात, अस्सल माळवी. त्या संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायच्या, स्वतःच्या घरची मेथी निवडत. मी दवाखान्यातले ते अकरा दिवस सांगायची. थांबले की त्या मेथीकडेच बघत विचारायच्या, “फेर कंई हुयो?” मग काय झालं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कहाणी, पुन्हा तोच प्रश्न. असं महिनाभर तरी चाललं असेल. कंटाळा त्यांना यायला हवा होता, आला मला. एके दिवशी मी दवाखान्याऐवजी कुठून कोण जाणे, १९८९ च्या पावसात यांनी शर्टाच्या आत लपवून आणलेल्या कचोऱ्यांपासून सुरुवात केली. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. त्याच आठवड्यात मी पेन्शनच्या कागदांसाठी एकटी बँकेत गेले.

तुमचंही असं काही असेल तर लिहा. कुणाचं ऐकल्यामुळे, किंवा कुणी तुमचं ऐकल्यामुळे, काही हललं असेल तर. उपदेश नको, प्रसंग हवा. डोक्यावरचा पंखा टक टक करतोय, त्याच्या ठेक्यावर वाट बघत बसते.

मोटरवाला भिया

ताई, माझं मराठी घरचं आहे, पुस्तकातलं नाही. सांभाळून घ्या.

बाबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मिल बंद पडली तेव्हा मी सातवीत. किराणेवाल्याने उधारीची वही बंद नाही केली, पण बाबांनी त्याच्या दुकानावरून जाणं बंद केलं. लांबून वळसा घालून यायचे. घरी बोलणंही जवळजवळ संपलं.

बोलायचे फक्त झांकीच्या शेडमध्ये. बाहेरच्यांसाठी सांगून टाकतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात मिलच्या झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर पुराणातले देखावे, हलणाऱ्या मूर्ती, बल्बांचा लखलखाट, पुढे आखाडेवाले लाठ्या फिरवत, आणि सगळं शहर जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत रात्रभर जागं. शतकभराची परंपरा आहे. मिला बंद पडल्या, पगार बंद झाले, झांकी नाही बंद झाली. मजुरांनी चंदा गोळा करून, लोकांपुढे हात पसरून चालू ठेवली. लोक विचारायचे, घरात पीठ नाही आणि हे नाग कसले नाचवून राहिले? मला तेव्हा त्यांचं बरोबर वाटायचं. आज नाही वाटत. पण बाबा तिथे हसायचे, म्हणून मी शाळेतून सुटलो की तिथेच जाऊन बसायचो.

तिथे एक मिस्त्री काका होते. एका वर्षी कालियाचा फणा वर-खाली करायचा होता आणि मोटर नुसती हूं करायची, फिरायची नाही. सगळे पाने घेऊन खोलायला धावले. काकांनी हात वर केला. शेड एकदम चुप. त्यांनी पेचकसचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक मोटरच्या अंगाला लावलं आणि मूठ स्वतःच्या कानाला. डोळे मिटले. म्हणाले, “जळालेली नाही. एक फेज येत नाहीये. मागे जाऊन फ्यूज बघा.” फ्यूज उडालेला होता. थ्री-फेज मोटरचा एक फेज गेला की ती अशी हूं करून बसते, आणि तुम्ही तशीच रेटली तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, जळतं. त्या दिवशी काकांनी पेचकस माझ्या कानाला लावून दिला. बेअरिंग सुकलं की खरखर येते, रोटर घासला की लोखंड किंचाळल्यासारखं होतं. “मोटर खोटं नाही बोलत, माणूस घाई करतो,” असं ते म्हणायचे.

आता माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, पूर्ण वाइंडिंग करून टाका. मी आधी चालवून ऐकतो. पुष्कळदा वाइंडिंग लागतच नाही, बेअरिंग बदललं की काम झालं. बायको म्हणते, तुमचे कान आपल्याला भिकेला लावतील.

मिलचे पैसे फार फार वर्षांनी मिळाले. बाबा नव्हते तोपर्यंत. आईने पहिली नोट काढून झांकीच्या चंद्याला दिली. मी काही बोललो नाही.

रामबागवाली

‘हूं करून बसते, आणि रेटली तर जळते.’ भाऊ, माझ्या ओळखीच्या दोन माणसांचं तुम्ही इतकं अचूक वर्णन केलंत की मी नाव लिहिता लिहिता थांबले.

पुण्याची सून

माझं छोटंसं आहे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “सराफ्यात नको जाऊ आज, फार भीड आहे.” मी म्हटलं, “भीड कसली, मला नाही कुणाची भीड वाटत!” आणि तयार होऊन बसले. तिथे जाऊन कळलं. रात्री अकरा वाजता दागिन्यांच्या बंद दुकानांपुढे अख्खं शहर भुट्ट्याचा कीस खात उभं होतं, पाय ठेवायला जागा नाही. ही यांची भीड!

दोन वर्षं मी घरात सगळ्यांचं मराठी दुरुस्त करत हिंडले. ‘जाऊन राहिले नाही, जाते आहे म्हणा.’ माझ्याशी बोलताना सासूबाई आधी मनात वाक्य तपासायला लागल्या, मग छोटी वाक्यं बोलायला लागल्या, मग बोलेनाशाच झाल्या. मी समजले, स्वभाव अबोल आहे. एकदा त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि मी दाराआड होते. होळकरांच्या काळातली आजी, तिची ती गाईची गोष्ट, तिच्या नकला. मी तासभर उभी होते. इतकी गोष्टीवेल्हाळ बाई मी मुकी करून ठेवली होती.

आता मीच ‘करून राहिले’ म्हणते. पुण्याला गेले की बहीण दुरुस्त करते.

खंडवा रोड

पुण्याच्या सूनबाईंना नमस्कार, आमची भीड चेपली.

मी गात असे. म्हणजे तसा माझा समज होता. सात वर्षं शिकल्यावर गुरुजींनी एकदा तंबोरा खाली ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही दुसऱ्याचं गाणं फार सुंदर ऐकता. गाताना तेवढं स्वतःला का नाही ऐकत?” बँकेत शिपायासमोर साहेबाने झापल्यावर जे होतं ते झालं. घरी येऊन पेटी माळ्यावर टाकली.

पण माणसाने निराश व्हावं असं हे शहर नाही. इथे रामूभैया दाते होऊन गेले, अरुण दात्यांचे वडील. त्यांची ख्याती गायक म्हणून नव्हे, ऐकणारा म्हणून. मोठमोठ्या गवयांना त्यांची दाद हवी असे. आजही सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना जे प्रेक्षकांचे गट आहेत, त्यातल्या एका गटाला त्यांचं नाव आहे. श्रोत्याच्या नावाने श्रोत्यांचा गट, मला यासारखं स्मारक दुसरं सुचत नाही. आणि ३५-४० किलोमीटरवर देवास. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन तिथे आले. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकली, आणि पुढे त्या लोकधुनांतून राग उभे केले. गवयाने इतकी वर्षं न गाता काढायची, ही कल्पनाच मला अजून सहन होत नाही.

मग मी ठरवून ऐकायला लागलो. सुरुवात गवई अमीर खाँसाहेबांपासून, कारण ते आमचे. वडील शाहमीर खाँ सारंगिये, घरात गवयांची ये-जा, आणि मुलाने ज्याच्या त्याच्या गायकीतून कानाने वेचून स्वतःची वेगळीच बांधलेली, जिला पुढे इंदूर घराणं म्हणायला लागले. खरं सांगतो, पहिले सहा महिने मला झोप यायची. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झूमरा ताल, चौदा मात्रा, आणि दोन मात्रांच्या मधे तर माणूस चहा करून येईल. मला घाई समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पोचायची. एका पहाटे विजेअभावी दुसरं काही करता येत नव्हतं, मोबाइलवर त्यांचा मारवा राग लावला, आणि पहिल्यांदा लक्षात आलं की ते सम टाळत नव्हते. त्या मधल्या जागेतच त्यांचं घर होतं.

याचा उपयोग कुठे झाला म्हणाल तर मुलाच्या फोनवर. तो बंगळुरूला असतो. पूर्वी तो दोन वाक्यं बोलला की मी समेवर येत असे: “मग आता काय ठरवलंस?” आता तो थांबला की मी मनात मात्रा मोजतो. नवव्या-दहाव्या मात्रेला तो खरं ते बोलतो. त्याची नोकरी गेल्याचं मला असंच अकराव्या मात्रेला कळलं.

सुदामानगर

आमच्या घराला वळण कचरागाडीवरच्या मुलीने लावलं. शहराला २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळाला तो आम्ही दिला असं आम्ही सांगतो, पण खरं म्हणजे ती रोज सकाळी माझ्या बादलीत डोकावून “आंटी, ये गीले में नहीं” म्हणायची आणि माझ्यासमोर डायपर वेगळं काढायची. तिसऱ्या दिवशी मला लाज वाटली. बस, एवढंच.

अकरावी-ब

(आता कॉलेजला आहे, पण गोष्ट अकरावीची.)

मी बारावीच्या एका अंध मुलाची लेखनिक होते. लेखनिक खालच्या इयत्तेतला घेतात, म्हणजे त्याने उत्तरं सांगायला नकोत. तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, तीन तासांचा पेपर चार तासांचा. मला वाटलं होतं, सोपं काम, तो बोलणार, मी लिहिणार.

पहिल्या दहा मिनिटांत तो तीनदा थांबला आणि मी तीनदा “पुढे?” म्हटलं. तो हळूच म्हणाला, “तू पुढे म्हणालीस की माझं तुटतं. मी गप्प झालो म्हणजे थांबलो असं नाही.”

मग इतिहासाचा पेपर. त्याने सांगितलं, पानिपतची तिसरी लढाई, १७५७. मी मराठी घरातली मुलगी! आमच्याकडे दुधात साखर कमी पडली तरी आजोबा पानिपत काढतात. हात थांबला. पण लेखनिकाने सुचवायचं नसतं, पर्यवेक्षक मागेच उभ्या. लिहिलं १७५७. स्वतःच्या हाताने चूक लिहिणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर चार पानं झाली. मधेच तो म्हणाला, “मागे जा. पानिपतचं साल. मी प्लासीचं घातलं. १७६१ कर.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, माझं पेन अडलेलं तुला ऐकू आलं होतं का? म्हणाला, “पेन नाही. श्वास.” तेव्हापासून मला धाकधूक आहे की मी नकळत कॉपी पुरवली.

मैत्रिणी बोलत असताना ‘मग? पुढे?’ म्हणणं मी सोडलंय. त्यांना वाटतं मला इंटरेस्ट नाही.

रामबागवाली

आमच्या पापडवाल्या बाईंचं सगळं ‘फेर?’वर चालायचं, आणि तुझ्या मित्राला ‘पुढे?’ चालत नाही. कोण बरोबर ते मला विचारू नकोस.

भंवरकुआ रिटर्न

सगळ्यांनी ऐकण्याची आरती चालवलीय, मी उलटं लिहितो. मी सगळ्यांचंच ऐकलं आणि त्यातच वाट लागली.

मामांचं ऐकून इंजिनिअरिंग. मित्राचं ऐकून पीएससी, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. आयोग इंदुरातच, त्यामुळे भंवरकुआला क्लासेसचं जंगल, प्रत्येक खांबावर कुणातरी टॉपरचा फोटो. ते फोटो बघून प्रेरणा घ्यायची असते म्हणे. मी पाच वर्षं घेतली. प्रिलिम दोनदा निघाली, मेन्स नाही.

मेसवाल्या काकू बऱ्हाणपूरच्या, मराठी. माझ्याशी फारसं बोलत नसत. एकदा मी सहज म्हटलं, आज फोडणीत धणे आधी पडले, मोहरी नंतर. काकू झारा हातात घेऊन वळल्या. “रोज सांगतोस तू असं. बरोबर असतं. अभ्यासाचं काही सांगताना तुझा चेहरा असा होत नाही.” एवढंच बोलून पोळ्या लाटायला लागल्या. काय कर, काय नको, काही नाही. घरी परत जा असंही नाही.

सल्ले मला हजार जणांनी दिले होते. मला पाहून मला सांगितलं ते एकीनेच. महिनाभर मी त्यांच्यावर चिडलेला होतो. आता मेसचे डबे मी बघतो, काकूंचे गुडघे गेलेत. एक उपास-थाळी मी सुरू केली, ती चालते. सुखी झालो असं लिहीत नाही. माझ्याच बॅचचा एक जण डेप्युटी कलेक्टर झाला, त्याचा हार घातलेला फोटो फोडणी देताना मोबाइलवर आला, आणि मोहरी जळाली.

खंडवा रोड

बाळा, मेसचा पत्ता कळव. माझी चतुर्थी असते.

मोटरवाला भिया

ताई, एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही वर लिहिलंय पंखा टक टक करतो. ती टक फेरीला एकदा येते का सारखी? एकवर लावून मोजा.

रामबागवाली

मोजली. फेरीला एकदाच. चार वर्षं तशीच आहे. हे असताना दर दिवाळीला स्टुलावर चढून काहीतरी करायचे.

मोटरवाला भिया

मग बेअरिंग नाही, खरखर असती. पात्याचा एखादा स्क्रू ढिला असेल. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही चढू नका. रविवारी दुकान बंद असतं, येऊन जातो. पोह्यांच्या भानगडीत पडू नका, खाऊन येईन.

रामबागवाली

या. पण पोहे होतीलच, जिलबीसकट. आणि स्क्रू आवळायच्या आधी मला एक मिनिट द्या, पंखा चालू असताना.

मोटरवाला भिया

पेचकस घेऊन येतो. मूठ तुम्ही कानाला लावा.